‘ठीक आहे’चं बटण

९ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवू नकोस असं किती वेळा सांगू? रिसेप्शनवरची मुलगी पाकीट आणून टेबलावर ठेवते आणि अख्खी टीम बघायला जमते, कुणी जिवंत कासव आणून ठेवल्यासारखी. काल एकाने विचारलं, हे उघडतात कुठून? पण खरं सांगू, मला आवडतं. दिवसभर स्क्रीनवर टाइप करून करून माझं अक्षर बिघडलंय. आईने हॉस्टेलला लावलेली पत्रांची सवय सुटली तर सही करायलाही विसरेन.

तू विचारतेस, यंत्रं आता स्वतःच प्रोग्रॅम लिहितात अशी बातमी वाचली, तुझी नोकरी जाणार का? अगं, दर सहा महिन्यांनी कुणीतरी आमची नोकरी खातच असतं. प्रोग्रॅम लिहिणं सोपं आहे. आमच्या साहेबांना नक्की काय हवंय ते ओळखणं अवघड, आणि ते ओळखणारं यंत्र जन्माला यायचंय. परवा वाचलं की बाजारात एक दात घासायचा ब्रश आलाय, त्याला आधी पासवर्ड द्यावा लागतो. असल्या गोष्टी बनवणारे आम्ही. आमची कीव कर, काळजी नको.

बाकी एक फुशारकी मारतो. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यात औषध तपासतं हे तुला माहीत आहे. औषध पेशंटला चालणारं नसेल तर मोठी पिवळी चौकट येते. खाली दोन बटणं: ‘थांबा’ आणि ‘ठीक आहे’. या चौकटी दिवसाला शंभर येतात, त्यातल्या नव्वद फालतू. आणि प्रत्येक वेळी हातमोजे काढून माऊस धरावा लागतो, म्हणून तुमच्या सिस्टर मंडळींनी आमच्या डोक्याला ताप दिला होता. मी काय केलं, कर्सर आधीच ‘ठीक आहे’वर नेऊन ठेवला. आता नुसतं एंटर दाबलं की चौकट गेली. अर्ध्या दिवसाचं काम, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तुमच्या जमातीचे आशीर्वाद लागणार बघ मला.

तुझा,
खटपट्या


२१ जानेवारी

प्रिय खटपट्या,

कासव पुन्हा ऑफिसवरच पाठवलंय. घरी पाठवलं तर तू चार दिवस उघडत नाहीस.

एक गंमत ऐक. आमच्या वॉर्डात नवं सॉफ्टवेअर आलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात छोटंसं चिन्ह बघितलं आणि ओरडलेच. तुझ्या पाकिटावर असतं तेच! मेट्रन बाईंना म्हटलं, माझ्या भावाने बनवलंय हे. त्या म्हणाल्या, मग त्याला सांगा ट्रॉलीचं करकरणारं चाकही बनव.

आता ट्रॉलीवरच स्क्रीन आहे आणि बारकोड वाचायची एक बंदूक. आम्ही तिला टुकटुक म्हणतो. पेशंटच्या मनगटाची पट्टी टुक, मग बाटल्या टुक टुक टुक, की झालं. काम दुपटीने लवकर होतं. फक्त मधूनमधून एखाद्या बाटलीपुढे स्क्रीनवर खूण येत नाही, ती पुन्हा दाखवावी लागते. तुझी ती पिवळी चौकट पहिल्या दिवशी दोन-तीनदा दिसली, नंतर क्वचितच. मेट्रन म्हणतात, आपला वॉर्ड शिस्तीचा.

पण तुला म्हणून सांगते, मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. सव्वीस वर्षं आम्ही ‘वाचून घेणं’ करत आलो. दोघी उभ्या राहायच्या. एकीने कागदावरचं मोठ्याने वाचायचं, दुसरीने बाटली आणि पेशंट बघून ‘बरोबर’ म्हणायचं. मग पेशंटलाच विचारायचं, तुम्हाला कुठलं औषध सोसत नाही ना? ज्यांना सोसत नसे त्यांच्या हाताला लाल पट्टी असायची. आता ते सगळं बंद. लाल पट्ट्याही काढल्या. यंत्राला सगळं माहीत असतं, दुसऱ्या सिस्टरचा वेळ वाचतो, असं वरून लेखी आलंय. तू काय म्हणतोस?

जेवण वेळेवर कर. ब्रशचा पासवर्ड आठवत नसला तरी दात घासत जा.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

अगं, काय सांगतेस! तुझ्या वॉर्डात! साहेबांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, ताईंचं मत घ्या. चौकटी कमी झाल्या हे तुझं वाक्य त्यांनी मोठ्या मीटिंगमध्ये दाखवलं. म्हणजे आमच्यामुळे लोक चुका कमी करायला लागले. तू आमची जाहिरात झालीस, मिठाई पाठव.

बाटली दोनदा दाखवावी लागते त्याचं काही नाही. बारकोड ओला असेल, नाहीतर तुझा हात हलत असेल. वय झालं तुझं.

‘वाचून घेणं’ गेलं म्हणून हळहळू नकोस. माणूस थकतो, यंत्र थकत नाही. शिवाय आमच्याकडे सगळ्याची नोंद राहते. कुठल्या सिस्टरने कुठली चौकट कुठल्या सेकंदाला मान्य केली, सगळं. नोंद खोटं बोलत नाही.

या आठवड्याची बातमी वाचलीस ना? त्या कुठल्याशा कंपनीचं सगळं काम दिवसभर बंद पडलं, कारण कुणीतरी एक ओळ चुकीची बदलली. पेपरात छापून आलंय, ‘मानवी चूक’. हे शब्द वाचले की मला हसू येतं. मानवी चूक म्हणजे काय, तर बळीचा बकरा सापडला. ज्याने शेवटचं बटण दाबलं त्याला धरायचं. ते बटण तिथे कुणी ठेवलं, हे कुणी विचारत नाही. माझ्या हातात असतं तर पेपरवाल्यांना हे शब्द वापरायला बंदी केली असती.

तुझा,
खटपट्या


२६ मार्च

प्रिय खटपट्या,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. फोन करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि बोलणं होत नाही. म्हणून लिहून काढते.

माझ्या हातून माणूस गेला.

अकरा नंबरला एक सुतारकाका होते. करवत लागून हाताची जखम चिघळली होती, एवढंच. चांगले शुद्धीवर, तोंडाची टकळी चालू. त्या दिवशी दुपारी पावणेतीनला तीन औषधं द्यायची होती, त्यातलं पहिलं इंजेक्शन नवं. पट्टी टुक केली, तिन्ही बाटल्या एकामागून एक टुक केल्या. नजर काकांकडे होती, कारण ते मला सांगत होते की आमच्या औषधांच्या कपाटाचं दार लागत नाही ते बिजागरीमुळे, बरा झालो की येऊन बसवून देतो. मग स्क्रीनकडे पाहिलं तर मधल्या बाटलीपुढे खूण नव्हती. ती पुन्हा दाखवली, खूण आली. हे रोजचंच आहे. इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत त्यांचा श्वास अडकला. आम्ही सगळं केलं रे. सगळं केलं. नाही वाचले.

त्यांना त्या जातीचं औषध चालत नव्हतं. दाखल होतानाच कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं होतं. चौकशीत त्यांनी मला नोंद दाखवली. दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी पिवळी चौकट आली, आणि मी ‘ठीक आहे’ दाबलं. माझ्या नावापुढे लिहिलंय: सूचना वाचली, मान्य.

मी चौकट पाहिली नाही. देवाशपथ पाहिली नाही. पण नोंद खोटं बोलत नाही असं तूच म्हणाला होतास. मग मी खोटं बोलते का? दिवसात दहा वेळा डोळे मिटून ती दुपार आठवते, आणि आता मला खरंच ती चौकट दिसायला लागली आहे. पिवळी. आधी दिसली होती की आता दिसते, कळत नाही.

मला कामावरून दूर ठेवलंय. माझं नर्सचं रजिस्ट्रेशन जाणार म्हणतात. तुझं सॉफ्टवेअर आहे, तुला आतलं माहीत आहे. तू बघशील का?

ताई


३ एप्रिल

प्रिय ताई,

पत्र वाचलं. तू धीर धर.

मी बघितलं. आमच्या बाजूने नोंद बरोबर आहे. अशा बाबतीत भांडत बसलं तर चौकशी समिती चिडते असं ऐकलंय. तू सव्वीस वर्षं काम केलंस, वॉर्डात माणसं कमी होती, तू दमली होतीस. एवढं कबूल केलंस की ‘दाबलं असेल, लक्षात नाही’, तर बहुधा ताकीद देऊन सोडतील. ते बाटली दोनदा दाखवल्याचं वगैरे सांगू नकोस. उगाच गोंधळ वाढतो.

ऑफिसात खूप काम आहे. नंतर सविस्तर लिहितो. औषध घेत जा, झोप.

तुझा


३० एप्रिल

प्रिय खटपट्या,

तू म्हणालास तसं लिहून दिलं. दाबलं असेल, लक्षात नाही. सही केली. ताकीद नाही मिळाली. रजिस्ट्रेशन रद्द झालं. निकालात ‘मानवी चूक’ असं लिहिलंय. तुझी आठवण आली.

तुझ्यावर राग नाही. तू माझ्या भल्याचंच सांगितलंस. या सगळ्यात माझ्या बाजूने तू एकटा आहेस, नाहीतर वॉर्डातल्या मुली रस्त्यात दिसल्या तरी बाजू बदलतात.

काल सुतारकाकांच्या बायकोकडे गेले होते. कुणी जा म्हटलं नव्हतं. घरात अजून रंधलेल्या लाकडाचा वास आहे. त्यांनी पाणी दिलं. मी सांगितलं, माझ्या हातून झालं, मी वाचलं नाही. त्यांनी रिकामं भांडं उचललं. मग म्हणाल्या, “ते तुमचं कौतुक करायचे हो. म्हणायचे, ती सिस्टर बोलताना माझ्याकडे बघते.” बघत होते म्हणूनच तर झालं. हे त्यांना कसं सांगू?

युनिफॉर्म धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवले. कुणाला द्यावे ते सुचत नाही.

तू बरेच दिवस बातम्यांवर काही लिहिलं नाहीस. लिही. तुझी बडबड वाचायला बरं वाटतं.

ताई


९ मे

ताई,

प्रिय लिहायची लाज वाटते.

तू चौकट पाहिली नाहीस. तू बटण दाबलं नाहीस. हे मला तुझं मार्चचं पत्र वाचलं त्याच दिवशी कळलं होतं.

साधी गोष्ट आहे. ती टुकटुक बंदूक बारकोड वाचून झाला की शेवटी स्वतःच एंटर दाबते. तिची तशी रीतच आहे, आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. तू पहिली बाटली दाखवलीस, चौकट आली. कर्सर ‘ठीक आहे’वर, कारण मी तो तिथे ठेवला होता. तू दुसरी बाटली दाखवलीस, बंदुकीने एंटर दाबलं, चौकट गेली. ती बाटली चौकट घालवण्यात वाया गेली, म्हणून तिच्यापुढे खूण आली नाही. तुमच्या वॉर्डात चौकटी कमी झाल्या त्याही अशाच. आणि मी तुला म्हटलं, वय झालं.

तुझं पत्र वाचून मी स्टोअरमधून बंदूक आणली आणि टेबलावरच्या बिस्किटाच्या पुड्याचा बारकोड दाखवला. चौकट गेली. नोंद उमटली: सूचना वाचली, मान्य. मी तो पुडा वीसेक वेळा दाखवला. मग साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात कर्सर ‘थांबा’वर नेऊन ठेवला आणि यादीत लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’. साहेब म्हणाले, त्या बदलावर तुझं नाव आहे, कंपनी तुला वाचवू शकणार नाही. आणि मी घरी येऊन तुला लिहिलं की कबूल कर.

मी घाबरलो होतो. दुसरं काही कारण नाही. तू त्या बाईंकडे जाऊन माझी चूक आपली म्हणून सांगून आलीस, हे वाचल्यापासून मला ऑफिसात बसवत नाही. तू म्हणशील तर मी समितीला लिहितो. तू म्हणशील ते करतो. मला माफ कर.

खटपट्या


२० मे

खटपट्या,

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग बसले. राग इतका आला की अजूनही अक्षर वाकडं येतंय. दोन महिने मी स्वतःला खुनी समजत होते. डोळ्यांपुढे नसलेली चौकट आणत होते. आणि तू बिस्किटाचा पुडा दाखवून सगळं जाणून बसला होतास. ‘दोनदा दाखवल्याचं सांगू नकोस’ ही तुझी ओळ मी माया समजून वाचली रे!

‘तू म्हणशील तर लिहितो’? म्हणजे हेही मीच दाबायचं का?

माझं म्हणशील तर मी सुटले असं मला वाटत नाही. काका शुद्धीवर होते. पूर्वीसारखं विचारलं असतं, कुठलं औषध सोसत नाही ना, तर त्यांनी सांगितलं असतं. लेखी आलं म्हणून मी विचारायचं सोडलं. ते माझं मी भोगीन.

तुझं जानेवारीचं पत्र मी जपून ठेवलंय, कर्सर नेऊन ठेवल्याची फुशारकी मारलेलं. ते आणि हे, दोन्ही घेऊन सुतारकाकांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला अक्षर लागत नव्हतं, तुझं अक्षर खरंच बिघडलंय. म्हणून मी मोठ्याने वाचलं. त्या म्हणाल्या, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून माझ्याबरोबर ताडून पाहिलं. मला वाटलं आता शिव्या देतील, तुला नाहीतर मला. त्यांनी एवढंच विचारलं, “आणि बाकीच्या दवाखान्यांत?”

तुझं पान उलटून पाहिलं. चार बाजू लिहिल्यास. त्यात तू आहेस, मी आहे, साहेब आहेत. हा प्रश्न नाही. मलाही सुचला नव्हता.

दोन्ही पत्रं आज समितीकडे दिली. तुझी परवानगी घेतली नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मला पाठवू नकोस, समितीला दे. पत्ता मागे लिहिलाय.

ताई


११ जून

प्रिय ताई,

समितीला सगळं लिहून दिलं. तुझी पत्रं आधीच पोचली होती, त्यामुळे मला काही लपवायला जागाच नव्हती. बरं झालं. लपवायला जागा मिळाली असती तर काय केलं असतं, मला खात्री नाही. ऑफिसने ओळखपत्र काढून घेतलं. साहेब दाराशी उभे होते, पण त्यांनी मान वर केली नाही. आता समिती त्यांनाही बोलावणार आहे. तुझा निकाल पुन्हा उघडलाय, पण लवकर काही होईल असं त्या समितीच्या बाई म्हणत नाहीत.

बाकीच्या दवाखान्यांचं उत्तर समितीला दिलंय, तू नको म्हणालीस तरी तुलाही सांगतो. सत्तेचाळीस आहेत. माझा बदल त्यांच्याकडे तीन महिने चालू होता. समितीने कंपनीकडून सगळ्या नोंदी मागवल्या आणि मी त्यातून वेगळ्या काढल्या: चौकट येऊन दोन सेकंदांच्या आत मान्य झालेल्या. दोन सेकंदांत कुणी ती वाचू शकत नाही. अकरा हजार तीनशे सहा. प्रत्येकीपुढे कुठल्यातरी सिस्टरचं नाव आणि तीच ओळ: सूचना वाचली, मान्य. त्यातल्या चौघींना कामावरून काढलंय असं आत्तापर्यंत कळलं. बटण आपण दाबलंच नव्हतं, हे त्यांना अजून माहीत नाही.

बहुतेक पेशंट सुखरूप घरी गेले असणार. पण कोण गेले आणि कोण नाही, ते कॉम्प्युटर सांगत नाही. प्रत्येक ओळ त्या त्या दवाखान्याच्या कागदाशी ताडून बघावी लागते. समितीने मला एक खोली दिली आहे, दोन खुर्च्या, टेबल आणि कागदांचे गठ्ठे. चार दिवस मी एकटा बसलो. काल एका ओळीला ‘बरोबर’ म्हणून पुढे गेलो आणि नंतर बघितलं तर वरच्याच ओळीचा कागद हातात होता. एकट्याने वाचून घेता येत नाही, ताई. समितीच्या बाई म्हणाल्या, औषधांतलं कळणारं कुणी जाणकार आणा. मी म्हटलं, एक आहेत, पण त्यांना विचारायला मला तोंड नाही.

तरी विचारतो. माझ्यासाठी येऊ नकोस. त्या चौघींसाठी ये, आणि जे घरी गेले नसतील त्यांच्यासाठी. आपण बोललो नाही तरी चालेल.

दुसरी खुर्ची रिकामी आहे. मी वाचतो, तू बघ.

खटपट्या